अर्ज लिहिणारा आपल्यातला

वाळूज, छत्रपती संभाजीनगर
दिनांक २० जानेवारी २०२५

गं. भा. बानाबाई हिस त्रिंबकचे आशीर्वाद.

संक्रांतीचा तीळगूळ पाठविला आहे. माझ्या शिवशंकरच्या कंपनीत पिशोरचा एक कामगार आहे, तो शनिवारी गावी जातो. त्याच्याजवळ डबा दिला. झाकण घट्ट आहे. तुझ्या सुनेने, सत्यशीलेने, ते सुरीने उघडू नये. पत्रा हाताला लागतो.

परवा तुझ्या अंगदचा फोन शिवशंकरला आला होता. त्यावरून समजले की, तुम्ही यंदा मेंढरे घेऊन वाळूजच्या बाजूस उतरला होतात, तेथून तुम्हांस तडकाफडकी निघावे लागले, आणि वाटेत पडून तुझ्या गुडघ्यास मार लागला. ऐकून फार वाईट वाटले. तुम्ही इतक्या जवळ आहात हे मला कळते, तर मी स्वतः भेटीस आलो असतो. गुडघा शेकत जा आणि जूनपर्यंत पिशोरच्या घरीच राहा. अंगद मेंढरे सांभाळील.

तुला ऐकू कमी येते आणि फोनवर ओरडून बोलणे मला प्रशस्त वाटत नाही. येथे भिंतीला भिंत लागून आहे, शेजारी ऐकतात. म्हणून पत्र लिहीत आहे. सत्यशीला वाचून दाखवील.

माझे येथे उत्तम चालले आहे. उस्मानपुऱ्यातील भाड्याच्या खोल्यांपेक्षा शिवशंकरचा हा फ्लॅट हवेशीर आहे. सोसायटीत मान आहे. कोणाचे काही कागदपत्र लिहावयाचे असले की माझ्याकडे येतात.

एक विचारतो. तुम्हांस उठविले ते कोणाच्या तक्रारीवरून, आणि तीत काय लिहिले होते, हे काही समजले काय? सहज विचारतो.

तुझा भाऊ,
त्रिंबक

*

पिशोर, ता. कन्नड
२ फेब्रुवारी २०२५

(मामा, नमस्कार. आई बोलतात तसंच लिहिते आहे. कमी-जास्त झालं तर माझं. – सत्यशीला)

दादा,

तीळगूळ पोचला. डबा उलथन्यानं उघडला, सुरीनं नाय. वडी लई कडक झाली, माझ्या दाताला झेपंना, पण चघळून खाल्ली.

तू म्हंतो, कळलं असतं तर आलो असतो. आरं, आम्ही तुझ्या बिल्डिंगीच्या पाठीमागंच व्हतो, आप्पासाहेबाच्या वावरात. त्यानं सोताहून बोलावलं. म्हणला, मावशी, वावर मोकळं झालंय, दहा-बारा रात्री मेंढरं बसवा, खत व्हईल, ज्वारी देतो. तिथं आमची वाघर लागली, म्हंजी जाळीचं कुंपण. आन् तिथून तुझा तिसरा मजला सरळ दिसायचा.

रोज सकाळी तू टावेल वाळू घालायचास. पहिल्या दिशी म्या वळखलं नाय, टक्कल पडलंय तुला. मंग तू उभा राह्यलास, एक पाय उचलून दुसऱ्या गुडघ्याला लावून. तवा म्हणलं, हा दादाच. हातात काठी नाय, पण काठी टेकल्यावानीच उभा हाय.

संगं मेंढरं घेऊन आलेला धोंडिबा म्हणला, मार हाक. म्या म्हणलं नगं. अंगाला मेंढराचा वास, लुगडं मळलेलं. ऐतवारी न्हाऊन, नवं लुगडं नेसून जाईन, म्हंजी दादाला चार माणसांत खाली पाहायला लागणार नाय. तुझ्यासाठी घोंगडी करून घेतली व्हती, कोकरांच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीची. लई मऊ.

ऐतवार काय उजाडला नाय. शनवारीच सरकारी गाडी आली. म्हणले, मेंढरांना रोग हाय, सोसायटीचा अर्ज हाय, आत्ताच्या आत्ता निघा. भर दुपारी मोठ्या रस्त्यानं निघालो. दोन गाभण मेंढ्या ट्रकखाली गेल्या. त्यांना सोडवता सोडवता म्या पडले. अंगदनं त्या मेंढ्यांवर तुझी घोंगडी टाकली, दुसरं हाताशी काही नव्हतं.

आप्पासाहेबानं अर्जाचं झेरॉक्स आणून दिलं. टाइप केलेलं हाय. सत्यशीलानं वाचलं. त्यात हाय: ‘सदर मेंढ्या पुढील गुडघे टेकून चरताना आढळतात. त्यावरून त्यांस खूर कुजण्याचा सांसर्गिक रोग जडल्याचे स्पष्ट होते. सबब लहान मुलांच्या जीवितास धोका आहे.’

दादा, शहरातला माणूस काय लिहील? वास येतो म्हणंल, लेंड्या पडत्यात म्हणंल, कुत्री भुंकत्यात म्हणंल. मेंढरू गुडघं टेकून काहून चरतं, हे त्याला कुठून ठावं? आन् खरं एवढंच की एक म्हातारी मेंढी तशी चरायची. चिखलानं खूर नासलं व्हतं. मोरचुदाच्या पाण्यात पाय धरला की चार दिसांत बरं. माणसाला ते कवा लागलंय? ज्याला खूर कळतं त्याला हेबी ठावं असणार. हा अर्ज लिहिणारा आपल्यातला हाय.

आन् आपल्यातलं तिथं कोण व्हतं? मी, अंगद आन् धोंडिबा. आदल्या दिशीच धोंडिबा माझ्याशी भांडला, ही मेंढी येगळी काढ, समद्यांना लागंल. म्या ऐकलं नाय. त्यानंच जाऊन कुणाच्या तरी कानात घातलं. माझा मालक गेल्यापून तीस वर्षं त्याची न् माझी मेंढरं एका जागी बसली. आता त्याला सांगितलं, तुझी येगळी कर.

वास म्हणले असते तर चाललं असतं. रोग म्हणले. आता वाळूजपासून कुठला शेतकरी वावरात बसू देईना. अंगद रोज नवी जागा हुडकतो.

तू शाळंत शिपाई असलास तरी हेडमास्तर अर्ज तुझ्याकडूनच लिहून घ्यायचा, हे म्या लोकांना सांगत आले. आता बहिणीसाठी एक लिही. मेंढरं निरोगी हायत म्हणून. झेरॉक्स संगं लावलंय.

तुझी,
बाना

*

वाळूज, छत्रपती संभाजीनगर
दिनांक १२ फेब्रुवारी २०२५

गं. भा. बानाबाई हिस आशीर्वाद.

पत्र व अर्जाची प्रत मिळाली. प्रत मी वाचली. भाषा शुद्ध आहे, एवढेच त्याविषयी म्हणता येईल.

तुम्ही पाठीमागेच होतात हे वाचून मला आश्चर्य वाटले. त्या बाजूस आमची गॅलरी आहे खरी. परंतु माझी दूरची नजर अधू झाली आहे. मला केवळ धूळ दिसे.

तू सांगितलेल्या अर्जाविषयी. मी या संस्थेचा सभासद नसलो तरी सभासदाचा पिता आहे. संस्थेने दिलेल्या अर्जाविरुद्ध तिच्याच घरात राहणाऱ्याने सही करणे नियमास धरून होणार नाही. शिवशंकरला येथे राहावयाचे आहे. शिवाय असले प्रकरण वाढविण्यात अर्थ नसतो. लोक विसरतात. पाऊस पडला की कोणत्या मेंढरांना कोणता रोग होता हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

धोंडिबावर पुराव्यावाचून आळ घेऊ नये. हल्ली मोबाईलवर सर्व रोगांची माहिती मिळते. एका म्हाताऱ्या मेंढीच्या पुढच्या डाव्या खुरावरून कोणा शिकलेल्या माणसाने तर्क केला असेल. त्यात आपलाच माणूस असला पाहिजे असे नाही. धोंडिबा तीस वर्षे तुमच्याबरोबर चालला आहे. त्यास परत बोलवावे, असे मी वडीलकीच्या नात्याने सांगतो.

घोंगडीचे वाचले. माझ्यासाठी इतके करावयास नको होते.

त्रिंबक

*

पिशोर
२८ फेब्रुवारी २०२५

दादा,

नेम आसंल तर नेम. तुझ्या घराला काही व्हावं आसं मला नाय वाटत. नगं लिहू अर्ज.

पण मोबाईलचं मला पटत नाय. मोबाईलवर रोग दिसंल, आमची मेंढी कशी दिसंल? ती बघायला कोणी तरी वाकलंच आसंल ना? आमच्या वाघरीत बाहेरचं कोणी आलं नाय.

धोंडिबा परवा आला व्हता. दारातच उभा राह्यला. कनवटीचा भंडारा काढला, बिरोबाचा, आन् कपाळाला लावून म्हणला, “म्या जर तोंड उघडलं आसंल तर माझी मेंढरं वाघरीत सकाळ बघणार नायत.” म्या मान फिरवली. सत्यशीलानं चहा ठिवला, त्यानं घेतला नाय. त्याच्या बायकोनं जत्रंला एकत्र सैपाक करायचा व्हता तोबी मोडला. आता त्यांच्या आळीतली बाईमाणसं माझ्याशी बोलत नायत, आन् आमच्या आळीतली त्यांच्याशी.

तुझी आठवण काढली त्यानं. म्हणला, “तिरमक आसता तर त्यानं कागद वाचून वळखलं आसतं कोणाचं हाय.” म्हणून माझ्या मनात आलं. चैत्रात बिरोबाची जत्रा हाय, समदे कळपवाले येत्यात. तू ये. चार माणसांत बसून अर्ज मोठ्यानं वाच आन् सांग, हे आपल्यातल्याचं हाय का नाय. तू सांगशील ते मी ऐकीन, धोंडिबाबी ऐकंल. आपल्यात शिकलेला मोठा माणूस तूच हायस. न्याव तुझा.

ती म्हातारी मेंढी चांगली हाय. पाय बरा झाला. गाभण हाय या वयात, लाज नाय तिला. एकदा हुकून तुमच्या गेटापाशी गेली व्हती म्हणं, अंगदनं वळवून आणली. तुझा वास आला आसंल.

बाना

*

पिशोर
४ मार्च २०२५

आदरणीय मामा,

सत्यशीलेचा नमस्कार. हे पत्र मी आईंना न सांगता लिहिते आहे. आजवर तसं केलं नव्हतं.

तुमचं १२ तारखेचं पत्र मी आईंना वाचून दाखवलं, तेव्हा एक वाक्य गाळलं. ‘पुढच्या डाव्या खुरावरून’ हे शब्द असलेलं. त्या अर्जात कुठला पाय ते लिहिलेलं नाही. आईंनी सांगितलेल्या पत्रातही नाही. मीच लिहिलं होतं, मला ठाऊक आहे. पाठवण्याआधी मी दोन्ही कागदांचे फोटो काढून ठेवले होते, ते रात्रीतून पुन्हा पाहिले. तुम्हाला दूरचं दिसत नाही म्हणता. डावा खूर तिसऱ्या मजल्यावरून चांगल्या नजरेच्या माणसालाही दिसणार नाही.

माझी समज चुकीची असेल तर मला शिव्या द्या, मी पाया पडेन.

चुकीची नसेल तर मी कोणाला सांगणार नाही. तुम्ही वडील आहात. पण धोंडिबामामांनी भंडारा उचलला तेव्हा मी चुलीपाशी होते. मी दिलेला चहा त्यांनी घेतला नाही, तो खोटेपणानं नाही, अपमानानं. आई रोज म्हणतात, दादा येईल आणि न्याय करील. मला ते ऐकवत नाही. जत्रेत तुम्ही न्याय करायला बसणार असाल, तर आईंची पत्रं लिहायला आणि वाचायला दुसरं कोणी बघावं लागेल.

तुमची,
सत्यशीला

*

वाळूज, छत्रपती संभाजीनगर
दिनांक २३ मार्च २०२५

गं. भा. बानाबाई हिस त्रिंबकचा नमस्कार. आशीर्वाद लिहिण्याचा अधिकार या पत्रापुरता मी वापरीत नाही.

चि. सत्यशीला हिला सूचना: यातील एकही अक्षर गाळू नये.

तो अर्ज मी लिहिला.

आता क्रमाने सांगतो. ८ जानेवारी रोजी सकाळी मी दूध आणण्यास खाली उतरलो. फाटकाशी आमचा वॉचमन एका मेंढीला हुसकावीत होता. ती कुंपणाची मेंदी खात होती, पुढचे गुडघे टेकून. मी जवळ गेलो. डाव्या कानाचे टोक मध्ये कापून दुफळी केलेले, उजव्या कानास मागून एक चीर. बाना, ही आबांची खूण, वडील आपल्या घरच्या प्रत्येक मेंढराच्या कानावर पाडीत ती. पन्नास वर्षे मी ती पाहिली नव्हती, आणि ओळखण्यास मला क्षणही लागला नाही. ती कोणाची मेंढी आहे आणि पाठीमागच्या वावरात कोण उतरले आहे, हे मला त्याच वेळी कळले. धूळ दिसे हे खोटे. त्यानंतर मी तुला रोज गॅलरीतून पाहत होतो. टॉवेल वाळत घालणे हे निमित्त होते.

मी वाकलो. तिचा लंगडता डावा पाय उचलून खूर पाहावा म्हणून हात पुढे केला. तेवढ्यात नानासाहेबांची मोटार फाटकात आली. नानासाहेब आमच्या संस्थेचे अध्यक्ष, मोठ्या शेतीचे मालक, सभ्य गृहस्थ. मी ताठ झालो आणि वॉचमनला म्हणालो, “हाकला हिला.”

त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी बैठक होती. कोणी म्हणाले, मेंढरांच्या वासाने चहा गोड लागत नाही. सर्व हसले. सर्वांच्या आधी मी हसलो. वासावर कोणी दाद देणार नाही, काही ठोस लिहिले पाहिजे, असे ठरले. नानासाहेब म्हणाले, “गुरुजी, तुम्हीच लिहा. आमचं मराठी म्हणजे मोबाईलवरचं.” मी घरी येऊन एका बैठकीत मजकूर लिहिला. एकही शब्द खोडावा लागला नाही. मोरचूद मला ठाऊक होते. चार दिवसांत पाय बरा होतो हे ठाऊक होते. माणसाला तो रोग लागत नाही हेही ठाऊक होते. जे ठोस होते ते आबांनी मला शिकविलेले होते, आणि ते मी तुझ्यावर चालविले.

येथे मला गुरुजी म्हणतात. आम्ही राहावयास आलो तेव्हा कोणी विचारले, आपण कोठून निवृत्त झालात. मी म्हणालो, शाळेतून. पुढे त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. त्याला सहा वर्षे झाली. उस्मानपुऱ्यातील शाळेत चौतीस वर्षे मी घंटा दिली. दोन घंटांच्या मध्ये वर्गाच्या दाराबाहेर स्टुलावर बसून ऐकत असे. माझी भाषा त्या स्टुलावरची आहे. तिचा मला अभिमान आहे, आणि तो खोटा नाही. परंतु तिच्या आड मी बाकी सर्व लपविले. कोणी आडनाव विचारले तर मी पिशोरकर सांगतो, म्हणजे पुढचे कोणी विचारीत नाही.

तू फाटकाशी येशील आणि सर्वांसमक्ष दादा म्हणून हाक मारशील, या एका भीतीने मी अर्ज लिहिला. तू रविवारी न्हाऊन, नवे लुगडे नेसून येणार होतीस, हे मला तुझ्या पत्रातून कळले. त्या दिवसापासून मी गॅलरीत गेलेलो नाही.

मला शाळेत घातले ती सकाळ तुला आठवत नसेल. तू सहा वर्षांची होतीस. आबांनी माझ्या हातातील काठी काढून तुझ्या हातात दिली. ती तुझ्या डोक्यापेक्षा वर जात होती. मी चौथीपर्यंत शिकलो तो तुझ्या पायांवर. आयुष्यभर मी समजत आलो की, ती काठी सुटली म्हणून मी माणूस झालो. आता असे वाटते की, ती ज्या दिवशी सुटली त्या दिवसानंतर कोणत्याच जागी मी पुरता उभा राहिलो नाही. घरात शिपाई, बाहेर गुरुजी, आणि तुझ्यापुढे शिकलेला मोठा माणूस. तिन्ही ठिकाणी अर्धा.

सत्यशीलेचे पत्र आल्यावर मी आठ दिवस काही केले नाही. हेही लिहून ठेवतो. नंतर १६ तारखेच्या बैठकीत मी दुसरा अर्ज वाचून दाखविला. त्यात माझे नाव, वय, शिक्षण इयत्ता चौथी, व्यवसाय निवृत्त शिपाई, आणि घराण्याचा धंदा मेंढपाळ, असे लिहिले आहे. पुढे लिहिले आहे की, पहिला मजकूर माझा असून त्यातील रोगाविषयीचे विधान मी जाणूनबुजून वाढवून केले, आणि सदर मेंढ्या माझ्या सख्ख्या बहिणीच्या आहेत.

वाचून झाल्यावर मी कागदाची घडी घातली. मला वाटले, आता हे लोक उठून जातील. कोणी उठले नाही. नानासाहेब म्हणाले, “अहो गुरुजी, फ्लॅटचे कागद झाले तेव्हाच शिवशंकर बोलला होता, वडील शाळेत शिपाई होते म्हणून. तुम्हाला गुरुजी म्हटलेलं आवडतं, म्हणून म्हणत होतो.” मग म्हणाले, “पण बहीण होती, हे त्या दिवशी सांगायला हवं होतं तुम्ही. आम्ही अर्ज दिलाच नसता.”

कोणी तरी चहा आणला. मी तो घेतला नाही.

जे झाकण्यासाठी मी तुला उन्हात रस्त्यावर काढले, ते सर्वांना ठाऊक होते. त्यांना त्याचे काही वाटत नव्हते. वाटत होते ते केवळ मला.

दुसरा अर्ज मी स्वतः त्याच सरकारी कार्यालयात जाऊन दिला. पोच घेतली आहे. एक प्रत आप्पासाहेबांच्या घरी नेऊन दिली. ते आसपासच्या शेतकऱ्यांना दाखविणार आहेत. एक प्रत सोबत आहे.

धोंडिबा निर्दोष आहे. तुझ्यावर त्याच्या अपमानाचा दोष येऊ नये. तो माझा आहे.

मी न्याय करण्यास येऊ शकत नाही, हे तुझ्या लक्षात आलेच असेल.

त्रिंबक

*

पिशोर
३१ मार्च २०२५

दादा,

सत्यशीलानं समदं वाचलं. दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्या बारीला ती रडायला लागली, मंग थांबवलं.

मला कशाचा राग आला सांगू? अर्जाचा नाय. माणूस भितं, भिऊन काहीबी लिहितं. तू मेंढीचं खूर पाहायला वाकलास आन् पाह्यलं नाय, त्याचा आला. दुखऱ्या जनावराला हात लावायला निघालेला हात मागं घेतात व्हय रं? आबानं तुला तसं शिकवलं नव्हतं.

काठीचं मला आठवतंय. तुला वाटत आसंल तशी म्या रडले नाय. मला लई आनंद झाला व्हता, काठी मिळाली म्हणून. तू उगा त्याचं वझं घेऊन फिरतोस. माझं आयुष्य काही तू घेतलेलं नाय, ते माझंच व्हतं.

धोंडिबाकडं गेले व्हते. काठी टेकत, गुडघा लचकत. त्यानं वाघरीच्या बाहेरच उभं केलं. म्या सांगितलं, माझं चुकलं, अर्ज दादाचा हाय. त्यानं वाघरीची गाठ आवळली. मंग म्हणला, “बाने, माझं नाव तू चार माणसांत घेतलंस. आता चार माणसांतच सोड. आन् ज्यानं लिहिलं त्यानं वाचायचं.”

तवा न्याव करायला नगं येऊ. वाचायला ये. दोन्ही अर्ज आण. माफी-बिफी पत्रात लिहू नगंस, ती सत्यशीलाच्या तोंडून ऐकायला लागती, तिचं काय चुकलंय?

म्हातारी व्याली. कोकरू नर हाय, दांडगं हाय. त्याच्या कानाची खाच राह्यलीय. आपल्या घरात खूण थोरल्यानं पाडायची असती. तू नव्हतास म्हणून आबामागं म्या पाडत आले. यंदा हात लावला नाय.

बाना

*

वाळूज, छत्रपती संभाजीनगर
दिनांक १८ एप्रिल २०२५

गं. भा. बानाबाई हिस त्रिंबकचा नमस्कार.

एस. टी. वेळेवर मिळाली. सुखरूप पोहोचलो. जत्रेत चार माणसांपुढे जे बोलता आले नाही, ते लिहितो.

लिंबाखाली वाचावयास उभा राहिलो तेव्हा मला चौथीच्या वर्गात कविता म्हणावयास उभे केल्यासारखे वाटले. समोर सर्व माझ्याच वयाची माणसे, आणि त्यांतील एकालाही वाचता येत नव्हते. मी मध्ये एखादे वाक्य गाळले असते, तर सत्यशीलेवाचून कोणास कळले नसते. ती समोरच बसली होती. मी गाळले नाही.

दोन्ही अर्ज संपल्यावर धोंडिबा जे म्हणाला ते तुला ऐकू गेले नसावे, म्हणून येथे उतरून ठेवतो. तो म्हणाला, “वाचलंस चांगलं, तिरमक. पण पहिला अर्ज जास्त झ्याक हाय. त्याला हात कापला नव्हता तुझा.”

मी खाली बसलो. त्याने मला तांब्याभर पाणी दिले. चहा दिला नाही. तुझ्याकडचा चहा मात्र त्याने घेतला, हे मी पाहिले. ते योग्य झाले. अंगद म्हणाला की, पुढच्या हंगामापासून दोन्ही कळप पुन्हा एकत्र बसतील. माझ्यासाठी एवढे पुरे आहे. मी त्याहून अधिक मागणार नाही.

आप्पासाहेबांचा निरोप आहे: दिवाळीनंतर मेंढरे त्यांच्या वावरात बसवावीत. तसे झाल्यास तू रविवारची वाट पाहू नयेस. ज्या लुगड्यात असशील त्यात, फाटकाशी येऊन हाक मारावी. मला ऐकू येते.

आता कोकराविषयी. सत्तर वर्षांनी मी कातर हातात धरली. तू त्याचे डोके मांडीत घट्ट दाबून धरले होतेस, म्हणून उजव्या कानाची चीर बरी उतरली. डाव्या कानाची दुफळी मात्र साधली नाही. ते हिसडले, आणि कातर घसरली. एक पाकळी मोठी आणि एक लहान झाली. तू कान पुसलास. राख लावलीस आणि त्यास सोडून दिलेस. ते आईकडे पळाले.

वाटभर मला तोच कान दिसत होता. ती खूण आता पुसता येणार नाही आणि सरळही करता येणार नाही. ते जनावर जेथे जाईल तेथे ती घेऊन जाईल.

माझी एवढीच विनंती आहे. पुढे कोणत्याही वावरात, कोणत्याही बाजारात, कोणी जाणता माणूस त्या मेंढ्याचा कान धरून हसला आणि विचारू लागला की, ही आबांची खूण इतकी वाकडी कोणी पाडली, तर माझे नाव सांगावे.

त्रिंबक
इयत्ता चौथी, निवृत्त शिपाई